सोनाबाई लाइट बघायला गेली

रविवार, ९ फेब्रुवारी २०१४
पनवेल कोळीवाडा

सोनाबाई, लिहायला उशीर झाला, राग धरू नको. तू बुधवारी गेलीस आणि मी वही आज उघडतो आहे. कारण सांगतो. आधी चष्मा सापडेना. सापडला तो माझ्याच सदऱ्याच्या खिशात, तूच ठेवून गेलेली. ठेवलास तर तसं सांगून जायचं ना. चष्मा मिळाला तर पेन चालेना. पोराला, कल्पेशला दोनदा सांगितलं, बंदरातून कामावरून येताना एक पेन आण. विसरला. शेवटी सुनेचं, संजनाचं घेतलं. त्याची शाई जांभळी आहे, त्याला माझा इलाज नाही.

"तुमची जी काय किरकिर हाय ती हिच्यात करा, सुनेचं डोकं नका खाऊ. मी आल्यावर वाचीन," असं म्हणून ही वही तू दिलीस. तुला वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. मीही पाचवीपर्यंतच गेलेला, चुका असतील.

तू कुठे गेलीस हे येणारे-जाणारे विचारतात. मी सांगतो, आमची विनिता तिकडे नॉर्वे देशात नोकरीला आहे. तिने आईला जहाजावर बसवलंय. भर थंडीत उत्तरेला जायचं आणि आकाशात हिरवा उजेड दिसतो तो बघायचा. लोक विचारतात, मग? मग काय? मग परत यायचं. लोक हसतात.

विनी माझंही तिकीट काढत होती. मी नको म्हटलं. माझा जन्म दर्यावर गेला, पण पोटासाठी गेला. दर्यावर कोणी बघायला जातं का? आणि घर कोण सांभाळणार? मी नाही म्हटल्यावर तूही नाही म्हणशील असं मला वाटलं होतं.

आता मनातलं एक लिहितो आणि थांबतो. विमानतळाच्या दारात तू वळून "येते हां" म्हणालीस. त्याआधी सुक्या बोंबलांच्या पिशवीवरून आपलं वाजलं होतं आणि माझं डोकं तापलेलं होतं. मी म्हणालो, "जा, जा एकदाची." निघणाऱ्या माणसाला आपल्यात कोणी जा म्हणत नाही. तो येतो म्हणतो, आपण ये म्हणायचं. दावा मांडलेल्या भावकीलासुद्धा म्हणायचं. आणि तू तर पाण्यावर निघालेली. तू ऐकलंस की नाही ते कळलं नाही, मागून कोणाची तरी सामानाची गाडी आली आणि तू आत गेलीस.

ऐकलं नसशील तर बरं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

संजनाच्या मोबाइलवर तुझा फोटो आला. मी दहा वेळा म्हटलं, ही सोनाबाई नाही. लाल रंगाचा जाडजूड पोशाख, खाली पँट, हातात मोजे, अंगात गादी भरल्यासारखी. तोंड तेवढं उघडं. मग संजनाने बोट लावून फोटो मोठा केला तर लोकरीच्या टोपीवर वेणी माळलेली दिसली, ती कापडी अबोलीची. तेव्हा खात्री पटली. नाकातली चमकी पण दिसली.

काशिराम बसलाच होता चहाला. सकाळी आला की दुपारपर्यंत उठत नाही, तुला माहीत आहे. एकाच होडीवर जन्म काढला तरी याची बडबड संपत नाही. त्याने मोबाइल उलटा-सुलटा करून बघितला.

"आन्या, यातली तुझी बायको कंची? समदी सारकीच दिसतान. चुकून दुसरीच घेऊन येशील."

"मी कुठे जाणार आणायला? तिला विनी आणून सोडणार."

"आनि ती यवढी कशाला गेली तकडं?"

संजनाने सांगितलं, "काका, नॉर्दर्न लाइट्स बघायला."

"लाइट?" काशिराम म्हणाला. तेवढ्यात पंखा थांबला. आपल्याकडे रोज याच वेळी जाते. तो जो हसायला लागला, चहा नाकात गेला त्याच्या. "आमच्याकरची लाइट गेली, आनि आन्याची बायको लाइट बघाया गेली! बराबर हाय, जिकरं लाइट तिकरं लक्ष्मी!"

संध्याकाळपर्यंत हे कोळीवाडाभर झालं. मासळी बाजारात तुझ्या जागेशेजारी बसणारी गोमा दारावरून जाताना ओरडून विचारते, "लाइट आली का वो?" सोनाबाई, तू आल्यावर हे सगळं तू निस्तर. मी नाही.

तू जाताना टोप्या दोन घेतल्यास. एक नेलीस, दुसरी लाल टोपी कपाटात आहे. कोणासाठी घेतलीस? फुकट गेली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

संजनाने मला तो उजेड काय असतो ते समजावलं. सूर्यावरून वारा येतो म्हणे, आणि तो हवेला घासतो. मी म्हटलं, वारा मला शिकवू नको. सूर्यावरून वारा आला असता तर शीड जळलं नसतं का? ती म्हणाली, "बाबा, तो वेगळा वारा." मग त्याला वारा कशाला म्हणता?

आकाशात रंग बघायचा तर उरणला जायचं. गॅसच्या कंपनीच्या चिमणीची ज्योत आम्हाला भर समुद्रातून दिसायची, ढगांना तांबूस रंग चढायचा. ती दिसली की होडीवर सगळे गप्प व्हायचे, घर आलं म्हणून. तिकीट लागत नाही.

आणि पाण्यातला उजेड तर मी किती वेळा बघितला. अवसेच्या सुमाराला वल्हं मारलं की पाणी पेटतं. जाळं ओढलं की जाळ्याला निळा जाळ. मासा पळाला की त्याच्या मागे रेघ. तू एकदा विचारलं होतंस, पाणी पेटतं म्हणजे कसं दिसतं? मी म्हटलं, पेटल्यासारखं दिसतं, आणखी कसं. तू म्हणालीस, मला दावाल का? आता आपल्या होडीवर बाई चढत नव्हती, ती माझ्या बापापासूनची रीत. तू बंदरावर टोपली घेऊन उभी राहायचीस, तिथपर्यंतच. मी काय करणार होतो?

तू परत विचारलं नाहीस, म्हणजे तुला पटलं असणार.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज माघी पौर्णिमा. म्हणजे विनीने तुला पुनवेच्या चांदण्यात उजेड बघायला नेलंय. शिकलेली माणसं! भर उन्हात काजवे बघण्यासारखं आहे हे. काही दिसणार नाही आणि सर्दी घेऊन याल.

हे सकाळी लिहिलं होतं. दुपारी विनीचा निरोप आला. संजनाने वाचला. "हवा खराब झाली आहे. समुद्र खवळलेला आहे. बोट पुढच्या बंदरात न थांबता सरळ वर जाणार. काही दिवस रेंज मिळणार नाही. काळजी करू नका."

काळजी करू नका असं लिहिलं की समजावं, कारण आहे.

मी संजनाला म्हटलं, विचार तिला, वारा कुठून आहे? लाटा आडव्या आहेत की नाकावर? ती म्हणाली निरोप जात नाहीये, एकच बरोबरची खूण येते. मी म्हटलं परत कर. परत एकच खूण. तिसऱ्यांदा म्हटलं तर फोन माझ्या हातात देऊन भाजी चिरायला गेली. मी तो हातात धरून बसलो. मला लावता येत नाही, पण धरून बसलो.

तुला पोहता येत नाही, सोनाबाई. हे विनीला माहीत आहे का?

रविवार, १६ फेब्रुवारी

निरोप नाही.

आज घरात भांडण झालं. झालं ते झालं, तुला संजनाच्या तोंडून कळण्याआधी लिहून ठेवतो. ती भांडी घासून पालथी घालते. ताटं, वाट्या, पातेली, टोप, सगळं पालथं. मी सकाळी उठून सगळं सरळ केलं. दुपारी तिने परत पालथं घातलं. मी परत सरळ केलं. तिसऱ्या वेळी तिने मला पकडलं.

"बाबा, हे तुम्ही करताय? मला वाटलं मांजर आहे. पाणी कसं निथळणार? ताटात डबकं साचलंय."

"साचू दे. माणूस पाण्यावर आहे तोवर घरात भांडं पालथं ठेवायचं नाही."

"असं कोणी सांगितलं?"

"तुझ्या सासूने."

खरं तर तू कधी सांगितलं नाहीस. तू ठेवायचीस. मी दर्यावरून आलो की मला ओलं ताट मिळायचं, भाताखाली पाणी. मी ओरडायचो, एवढं साधं कळत नाही का, भांडं पालथं घालावं. तू पदराने पुसून द्यायचीस. एकदा तुझी आई आली होती, ती बोलून गेली, होडी बाहेर असली की आमी भांडं पालथं नाय घालत, होडी पालथी होते. मी दोघींना येड्या म्हणालो होतो. येडेपणा तर आहेच. भांड्याचा आणि होडीचा काय संबंध? पण ताट सरळ ठेवायला काय जातं.

कल्पेश बायकोची बाजू घेऊन बोलायला आला. मी म्हटलं, तू बंदरात क्रेनवर बसतोस, तुझा पाय कधी ओला झाला नाही, तू बोलू नकोस. तो गेला. संजना ओवे गावची, शेतकऱ्याची लेक, तिला आपल्या रीती ठाऊक नसायच्याच. पण मग तिने एकेक ताट फडक्याने पुसलं आणि सरळ ठेवलं. आदळलं मात्र प्रत्येक.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज निरोप नाहीच. काशिरामला सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून.

"जा बोललास?" त्याने विडी खाली टाकली. "आन्या, तू जा बोललास? होरी निंगताना?"

"होडी कुठे, विमान होतं."

"पुढं होरीच ना? अरं, मी माझ्या सासूला पन ये बोलतो! ती येते पन!"

मग म्हणाला, एक उपाय आहे. नारळ दे खाडीला. मी म्हटलं, नारळ नारळी पुनवेला देतात. तो म्हणाला, दर्या काय तारीख बघतो का, आपलं काम हाय तर आपन द्यावा.

मी तडक उठलो. दुकानातून नारळ घेतला, हळद-कुंकू लावलं, बंदराच्या पायऱ्यांवर गेलो. काशिराम मागून काहीतरी ओरडत येत होता, मी ऐकलं नाही. हात जोडले. म्हणालो, बाबा, बाई पहिल्यांदाच तुझ्याकडे आली आहे, तिला रीत माहीत नाही, चुकलं-माकलं पोटात घाल. आणि नारळ टाकला जोरात.

आवाज आला तो चिखलाचा. फच्चकन.

ओहोटी होती. सोनाबाई, सगळा जन्म भरती-ओहोटीवर काढला मी. झोपेतून उठवून विचारलं तरी पाणी कुठे आहे ते सांगायचो. आणि आज खाडीला पाणी आहे की नाही ते बघितलं नाही. नारळ गाळात अर्धा रुतून बसला, बाजूला प्लास्टिकच्या पिशव्या. पाणी दूर तिकडे मध्ये एवढीशी रेघ.

"तेच बोंबलत व्हतो मी," काशिराम म्हणाला. आणि हसला. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला. म्हणाला, "भरती येल की. नेल." त्याने घरापर्यंत माझा हात धरला. मला राग आला. मी काय म्हातारा आहे?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

फोन आला! दुपारचं जेवत होतो. संजना धावत आली, "आई आहेत, बोला लवकर, तिकडे रेंज जाते-येते."

मी ताट बाजूला केलं. हात उष्टा. फोन डाव्या हाताने धरला.

"अवो, आयकलं का? मी बोलते."

तू म्हणालीस आणि मला वाटलं बाजारातून बोलते आहेस, आवाज एवढा मोठा. मी विचारलं, बरी आहेस का? तर म्हणे, "मला काय व्हतंय! विनी आडवी परली, समदी गोरी मानसं वकत व्हती, मला कायसुद्धा नाय झालं. मी बोंबील भाजून मागितला तर त्यांनी नाय दिला. वास येतो बोलले." मग म्हणालीस, "आनि उजेर दिसला. पुनवेलाच दिसला. आवो, काय सांगू! वरून कोन तरी जाळं फेकतंय असं वाटलं. हिरवं जाळं. पसरतंय, परत वडून घेतंय, परत फेकतंय. मावरं एक नाय, नुसतं फेकतंय. मी विनीला बोलली, ह्या मानसाला काय कामधंदा नाय काय?" आणि हसलीस.

एवढं हसताना मी तुला कधी ऐकलं? मला आठवेना.

मग तू जरा हळू म्हणालीस, "तुमी पाहिजे व्हता."

मला बरंच काय काय बोलायचं होतं. त्या दिवसाचं बोलायचं होतं. पण संजना समोर उभी, कल्पेश जेवायला बसलेला, आणि माझ्या तोंडातून काय निघावं? मी म्हणालो, "त्या टाकीच्या मोटारचं बटण कुठलं? दोन आहेत."

"लाल," तू म्हणालीस. मग म्हणालीस, "विनी बोलते, आता आलीस तर उन्हाळा होईपर्यंत ऱ्हा. तकडं म्हने रात्रच व्हत नाय उन्हालीत. तिला पन सोबत व्हईल. बघते मी काय करायचं ते."

मी वाट बघत होतो. माझा हिशेब असा होता की शेवटी तू येते म्हणशील, आणि मी लगेच ये म्हणेन, म्हणजे मागचं पुसलं जाईल. शब्द तोंडाशी आणून ठेवला होता.

तू म्हणालीस, "ठेवते आता."

मी म्हणालो, "ठेव."

फोनवर कोणी येते म्हणत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

जेवण गार झालं होतं. संजनाने परत वाढलं. ताट कोरडं होतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दोन दिवस लिहिलं नाही. काय लिहायचं? मोटारचं लाल बटण चालतं.

काशिराम सकाळी आला. म्हणाला, नारळ गाळात नाही, बघून आलो. "दर्यानं घेतला. नायतर पोरांनी खाल्ला. तू दर्यानं घेतला असंच धर." मी तसंच धरलं आहे.

मी त्याला विचारलं, "बघते" म्हणजे काय रे? बायको "बघते" म्हणाली तर येणार असते की नसते? तो म्हणाला, "माझी म्हनते तवा नस्ते. पन तुझी वेगली हाय, ती लाइट बघाया गेलेली हाय." या माणसाला विचारण्यात अर्थ नाही.

संजनाने मग मला खाली बसवलं. आवाज चढवून बोलली, पहिल्यांदाच. "बाबा, आईंनी तिकडे राहावं असं तुम्हाला वाटतं का?" मी म्हटलं, मला कोण विचारतो. "मी विचारतेय." मी म्हटलं, ती खूश आहे, हसत होती. "मग?" मग काय? ती दर्यावर गेली आणि तिला उलटीसुद्धा झाली नाही. मला पहिल्या खेपेला झाली होती, हे तिला मी कधी सांगितलं नाही. "बाबा, हे सगळं मला कशाला सांगताय? त्यांना सांगा. वहीत लिहिताय ना? त्या पानाचा फोटो काढून मी पाठवते. पाच मिनिटांत मिळेल."

पाच मिनिटांत. आणि मी इतके दिवस समजत होतो की तू परत येशील तेव्हाच वाचशील.

तर हे पान ती पाठवणार आहे. मागची नाही, मागच्यात किरकिर आहे. म्हणून नीट लिहितो.

सोनाबाई, घर ठीक आहे. भांडी सरळ आहेत, संजना रोज पुसते. गोमाने तुझी जागा धरून ठेवली आहे, तिथे पाट टाकून बसते आणि दुसरीला बसू देत नाही. लाइट रोज जाते. विनीला सोबत हवी हे मला कळतं. उन्हाळ्यात तिकडे रात्र होत नाही म्हणालीस, मग झोपणार कधी? याचा विचार कर.

ती दुसरी लाल टोपी कपाटातून काढली. घालून बघितली. इथे फेब्रुवारीत घाम आला आणि काशिराम बघून गेला, आता ते पण कोळीवाडाभर होईल. कानाला घट्ट होते. पण लोकर आहे, घातली की सैल पडेल. विनीला विचार, पुढच्या थंडीत ते जहाज असतं का. नुसतं विचार.

आणि अवसेला आपण उरणजवळ करंज्याला जाऊ. काशिरामच्या भाच्याची होडी आहे. तिच्यावर बाई चढली म्हणून रीत बिघडली तर ते मी बघून घेईन. पाणी पेटतं ते कसं दिसतं ते मला सांगता येत नाही, तू स्वतः बघ.

विमानतळावर मी काय म्हणालो ते तू ऐकलंस की नाही, ते सांगू नकोस. फक्त लवकर निरोप पाठव. मोठा नको. "येते" एवढंच लिही. संजना म्हणते, आला की लगेच दाखवीन, झोपलो असलो तरी उठवीन.

पुढचं मी म्हणतो. तोंडाशी आणून ठेवलं आहे.

आनंदा